सुनिवा नावाचं पोस्ट

सरकारनं वडिलांकडून तीन नावं मागवली होती. माळावर बारा-तेरा घरं झाली, तेव्हा लांबच्या रेल्वे स्टेशनावरून आठवड्यातून दोनदा टपालाची थैली पाठवायला खातं तयार झालं. पोस्ट आमच्या स्वयंपाकघरात चालणार होतं, आणि पोस्ट म्हटलं की जागेला नाव हवं. वडिलांनी पहिलं नाव आपल्या नॉर्वेतल्या खोऱ्याचं लिहिलं, दुसरं राजाचं. तिसरं काही सुचेना, म्हणून कागद टेबलावर तसाच ठेवून ते घोड्यांना पाणी दाखवायला गेले. आईनं तिसऱ्या ओळीत लिहिलं, सुनिवा, आणि पाकीट बंद करून टाकलं. पहिली दोन नावं कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवान प्रांतात दुसऱ्या कुणीतरी आधीच उचललेली निघाली.

सुनिवा माझी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. आईवडील इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, ती घशाच्या आजारानं गेली. चौदा महिन्यांची होती. जमीन अशी गोठलेली की कुदळ मारली तर ठिणगी उडायची. म्हणून तिला पेटीत घालून धान्याच्या कोठीत, वरच्या फळीवर ठेवलं आणि माती मोकळी होण्याची वाट पाहिली. आमच्याकडे सगळेच तसं करत, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त कोंबड्यांचे दाणे त्याच कोठीत असायचे, आणि आई ते काढायला रोज जायची. चार महिने.

एप्रिलात घरामागच्या उतारावर तिला पुरलं. पुढच्या वर्षी मी झाले, आणि आमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिचं नाव मला मिळालं. गेलेल्या मुलाचं नाव आम्ही मोकळं पडू देत नाही. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरी अशा कुणाच्या ना कुणाच्या जागी आलेल्या होत्या, आणि कुणाचं त्यामुळे अडलं नव्हतं. त्याच वर्षी पोस्ट आलं. तेव्हा आम्ही तिघी सुनिवा एका उतारावर नांदू लागलो. एक मातीत, एक पाळण्यात आणि एक शिक्क्यावर. तिघींत आईची लाडकी कोण, हे मी कधी विचारलं नाही. शिक्क्याला ती रोज तेल मात्र लावायची.

पोस्ट म्हणजे सफरचंदाच्या खोक्यांचे बत्तीस खण आणि कोठाराच्या दाराला कापलेली एक खिडकी. हिवाळ्यात शाईची गादी गोठायची, म्हणून ती चुलीच्या वरच्या कप्प्यात, पावाशेजारी ठेवत. जानेवारीत आमच्या पावाला शाईचा वास यायचा आणि लोकांच्या पत्रांना पावाचा. मंगळवारी आणि शुक्रवारी डुगाल्ड नावाचा स्कॉटिश गाडीवाला थैली घेऊन यायचा. त्या दिवशी सगळा माळ आमच्या स्वयंपाकघरात. ज्यांना वर्षात एक पत्र येई तेही यायचे, आणि पत्र नाही म्हटल्यावर बरं वाटल्यासारखे कॉफी प्यायला बसायचे.

मग रेल्वेचा नवा फाटा झाला, तो आमच्यापासून अकरा मैल दक्षिणेनं गेला. तिथे डनमूर उभं राहिलं आणि आमचं गाव उठून तिकडे चालू लागलं. हे मी उगीच अलंकार म्हणून लिहीत नाही. दुकान खरोखरच गेलं. हिवाळ्यात त्याच्याखाली ओंडके घालून वीस घोडे जुंपले, आणि दुकानदाराची बायको आत बसून वाटभर कॉफी करत होती. धुराड्यातून धूर निघत होता, ते मी शाळेच्या पायरीवरून पाहिलं. दोन वर्षांनी चर्च गेलं. त्याची घंटा काढून ठेवायची कुणालाही आठवण झाली नाही, आणि ती डनमूरपर्यंत आपली वाजत गेली. मग शाळा. मग कोरडी वर्षं आली, शेतं वाऱ्यावर उडू लागली, आणि माणसं दाराला कुलूपसुद्धा न लावता निघून जाऊ लागली. एकोणीसशे चौतीस साली माळावर नऊ घरं उरली होती, उतारावर सात थडगी, आणि आमचं पोस्ट.

वडील इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीत गेले, तेव्हापासून पोस्टमास्तर माझी आई मार्गितच होती. पण तिला इंग्रजी येत नव्हतं. चांगली तीस वर्षं ती इंग्रजी राज्यात राहिली आणि इंग्रजी तिनं दाराबाहेर उभं ठेवलं. कागदपत्रं सगळी माझ्याकडे. मी शाळेत तीनच हिवाळे गेले होते, पण कॅटलॉग आणि टपालाचं नियमपुस्तक वाचून मी इंग्रजी शिकले. त्यामुळे अजूनही माझ्या इंग्रजीत एकतर काहीतरी विकल्यासारखं वाटतं, नाहीतर कुणाला दंड केल्यासारखं.

डनमूरला एड्विन नावाच्या माणसाची लाकडाची वखार होती. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता आणि त्याला फळ्यांखेरीज दुसऱ्या विषयावर फारसं बोलता येत नसे. पण तीन वर्षं तो दर महिन्याला अकरा मैल येत होता, हे बोलण्यापेक्षा जास्त होतं. लग्न करू, आईला घेऊनच ये, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. आईला विचारलं की ती म्हणायची, पोस्ट आहे ना. मी एकटी जाऊ म्हटलं, तर कागद कोण वाचणार? मी एकोणतीस वर्षांची होते. पोस्ट असेपर्यंत मी त्या खिडकीतून सुटणार नव्हते, आणि पोस्ट गेलं तर आईकडे काय राहील ते मला ठाऊक होतं. उतारावरचा तो दगड, आणि जिला आता काहीच म्हणत नाहीत अशी एक जागा.

सप्टेंबरात खात्याचं परिपत्रक आलं. लहान पोस्टं फार झाली होती. ऑक्टोबरचे एकतीस दिवस प्रत्येक पोस्टानं आपल्याकडे पडलेली पत्रं मोजून कळवायची, आणि खातं काय ते ठरवणार. मी ते आईला आमच्या बोलीत वाचून दाखवलं. त्यात तिसरं कलम होतं. याच पोस्टात टाकलेली आणि याच पोस्टातून न्यायची पत्रं वेगळ्या रकान्यात लिहावीत, ती निर्णयात धरली जाणार नाहीत. हे कलम मी मोठ्यानं वाचलं नाही. त्या दिवशी त्यात लबाडी काही नव्हती, खरंच सांगते. सुनिवात बसून सुनिवालाच पत्र कोण लिहिणार होतं? शेजाऱ्याला काही कळवायचं तर माणसं घोड्यावर टांग टाकून जात, नाहीतर मनात ठेवत. आमच्यात बहुतेक मनातच ठेवत.

आईनं शुक्रवारी कॉफीवर ही बातमी सगळ्यांना सांगितली. तार्येई आणि आस्लाक हे दोघे म्हातारे भाऊ खोलीच्या दोन टोकांना बसले होते. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, राहायचे एकाच घरात, आणि एका घोडीवरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तार्येईनं पेला खाली ठेवला.

"आपण लिहायचं," तो म्हणाला.

"कुणाला?" गुन्हिल्ड मावशी म्हणाली. ती विधवा, सगळ्या माळावर तिच्याइतकं मोठं अंग आणि मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. "माझी लांबची माणसं केव्हाच मेली. जिवंत आहेत ती इथे बसून मार्गितची कॉफी संपवतायत."

"मग त्यांनाच लिही की. सरकारला काय, पत्राशी मतलब."

आस्लाकनं भिंतीकडे पाहत सांगितलं की कुणीतरी कुणालातरी कोरी पाकिटं टाकणं म्हणजे सरकारशी खोटं बोलणं, आणि आपण त्यात नाही. आईचंही तेच मत पडलं. ती असल्या बाबतीत पाद्र्यापेक्षा कडक होती. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की प्रत्येक पाकिटात खरं पत्र हवं, आणि त्यात निदान एक तरी गोष्ट अशी हवी, की जी खरी आहे आणि त्या माणसाला आजवर सांगितलेली नाही. तसं असेल तर ते पत्रच, आणि त्यावर शिक्का मारायला आई तयार होती.

मी तेव्हा कॉफी ओतत होते. तिसरं कलम सांगायला एक श्वास पुरला असता. पण कितीतरी दिवसांनी ती माणसं हसत होती. मी मनाशी म्हटलं, आज नको, मंगळवारी सांगू.

मंगळवारी सांगितलं नाही. मंगळवारपर्यंत एकोणीस पत्रं पडली होती, आणि आईचे गाल लाल झाले होते.

तसा ऑक्टोबर सुनिवात पूर्वी आला नव्हता, पुढे तर येणारच नव्हता. माणसं धुळीतून पत्र टाकायला येत आणि आलंय का ते पाहायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. तार्येईनं पहिलं पत्र घातलं ते आस्लाकला. एकाच घरातून निघून, दीड मैल चालून, तिकीट विकत घेऊन त्यानं ते खिडकीतून आईच्या हातात दिलं, आणि जाताना वाटेत भेटलेल्या भावाला नमस्कारसुद्धा केला नाही. आस्लाकनं ते आमच्या टेबलाशी बसून वाचलं. मग, कधी नव्हे ते, आम्हाला वाचून दाखवलं. घोडी विकली कारण तिचा पाय गेला होता आणि तिला गोळी घालावी लागली असती. तुला सांगितलं असतं तर तू रडला असतास, आणि ते मला पाहवलं नसतं. आस्लाकनं तिथेच कागद मागून उत्तर लिहिलं. ते काय होतं तेही आम्हाला कळलं, कारण तार्येई आठवडाभर ते सगळ्यांना सांगत सुटला. तुझ्या हातची लापशी मला तीस वर्षं आवडलेली नाही.

गुन्हिल्ड मावशीनं शेजारच्या क्नूट रूयला लिहिलं की साथीच्या वर्षी तुझ्या दारात रोज दुधाची बरणी ठेवणारी मी होते, देवदूत नव्हता. क्नूटच्या बायकोनं मावशीला लिहिलं की ते आम्हाला माहीत होतं, देवदूताच्या बुटांचे एवढे मोठे ठसे नसतात. कुणी कुणाच्या कुंपणाची माफी मागितली. कुणी कुणाला तरुणपणी मागणी घालायची राहून गेली ते कळवलं, आणि मग दोघंही आठवडाभर कॉफीला आले नाहीत. आई दिवसभर शिक्का मारत होती. ठप्, ठप्. प्रत्येक पाकिटावर सुनिवा, सुनिवा. अक्षर जरा पुसट उठलं तर ती हळहळायची आणि पुढच्याला जास्त जोर लावायची.

आणि मी ती पत्रं दोन गठ्ठ्यांत लावत होते. थैलीत जाणारी, आणि न जाणारी. न जाणाऱ्यांचा गठ्ठा टोपलीत मावेना. थैलीत जाणारी एका हातात मावत होती.

एकोणीस तारखेला शुक्रवार होता. त्या सकाळी मी ठरवून उठले की आज सांगायचं. अजून बारा दिवस हातात होते. नॉर्वेतल्या चुलतभावांच्या पोरांना, कॅटलॉगच्या कंपन्यांना, शेतकी खात्याला, बियाण्यांच्या दुकानांना, ज्यांना कुणाला लिहिता येईल त्यांना लिहिलं असतं, तर थैलीचा आकडा कुठल्या कुठे गेला असता. आता लोकांना लिहायची सवयही लागली होती. पोस्ट वाचलं असतं. माझं काय झालं असतं ते मी त्या सकाळी बाजूला ठेवलं होतं. तेवढी चांगली मी होते, एक सकाळभर.

डुगाल्ड यायच्या आधी मी खण लावायला घेतले. आमच्या घराच्या खणात एक पाकीट होतं. आईचं अक्षर. वर लिहिलेलं, सुनिवा, हाल्वोरची मुलगी. हाल्वोर म्हणजे माझे वडील. शिक्का अगदी मधोमध आणि ठसठशीत.

मला काय वाटलं ते आता लिहायला लाज वाटते. आईनं मला आयुष्यात एक ओळ लिहिलेली नव्हती. लिहायची वेळच आली नव्हती, मी तिच्यापासून एक दिवस लांब राहिले नव्हते. आता सगळा माळ एकमेकांना न सांगितलेलं सांगत होता, आणि तिलाही मला काहीतरी सांगायचं होतं. मी पीठ ठेवायच्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि पत्र उघडलं.

"माझ्या सुनिवा, यंदा वारा फार आहे. तुझ्यावरची माती उडते म्हणून मी दगड रचलेत. जड वाटले तर माफ कर. लोक म्हणतात की पोस्ट राहील. ते राहिलं की मीही राहीन. तुला एकटीला टाकून मी जाणार नाही, कोठीत तुला तसं सांगितलं होतं, ते मी विसरलेले नाही. इथे बाकी सगळं ठीक आहे. तुझी आई."

मी ते दोनदा वाचलं. माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. वाईटसुद्धा नव्हतं.

पिठाची खळ करून मी पाकीट पुन्हा चिकटवलं आणि खणात ठेवलं. दुपारी आईनं ते उचललं, एप्रनच्या खिशात घातलं आणि मागच्या दारानं उताराकडे गेली. खिडकीतून ती वाकून दगड हलवताना दिसत होती. तेवढ्यात कॉफीला माणसं जमली होती. तार्येईनं मला विचारलं, "काय गं सुनिवा, कसं चाललंय? पोचतोय का आकडा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी कागद वाचता येणारी मी एकटीच होते.

"छान चाललंय, काका," मी म्हटलं.

महिन्याच्या शेवटी मी तक्ता भरला. थैलीतून गेलेली पत्रं सव्वीस. याच पोस्टातली, एकशे एक्केचाळीस. आईनं विचारलं, किती झाली? मी म्हटलं, एकशे सदुसष्ट. ती म्हणाली, गाव उठून जायच्या आधीसुद्धा एवढी होत नव्हती, आणि खाली सही केली. एकूण बेरीज तिला सांगितली ती खरी होती, रकान्यांतले आकडे खरे होते, सही खरी होती. त्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात खोटं असं कुणीच काही केलं नाही.

उत्तर जानेवारीत आलं. एकतीस मार्चपासून पोस्ट बंद, टपाल डनमूरला घ्यावं. मी ते कलमाकलमानं, काही न गाळता वाचून दाखवलं. गुन्हिल्ड मावशीचं म्हणणं पडलं की मोजणारा प्यायलेला असणार. तार्येई म्हणाला, प्यायलेला नाही, चोर आहे. डनमूरच्या लोकांनी त्याचा खिसा भरलाय. आस्लाकनं आता भावाशी बोलायला सुरुवात केली होती, तेव्हा तो म्हणाला, तुझ्या डोक्यात कायम चोरच असतात. मला कुणी काही विचारलं नाही. माळावर मी सरळ मुलगी म्हणून प्रसिद्ध होते.

खात्याला परत पाठवायच्या वस्तूंची यादी होती. शिक्का, शाईची गादी, तराजू, थैलीची किल्ली, नियमपुस्तक. शेवटच्या रविवारी डुगाल्ड मुद्दाम त्यासाठी गाडी घेऊन आला. बाकीच्या वस्तू मी बांधल्या. शिक्का आईनं घेतला, त्यावरची शाई रॉकेलनं पुसली, मग अक्षरांच्या आतली सुईनं काढली आणि फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळला.

"लोखंड आहे, बाई," डुगाल्ड म्हणाला. "फुटत नाही ते."

मी तिला त्याचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, आणि आणखी एक वेढा दिला.

जूनमध्ये मी एड्विनशी लग्न केलं. आई आमच्याबरोबर डनमूरला आली, काही न बोलता, एका ट्रंकेसह. पोस्ट आहे ना, असं म्हणायला आता काही नव्हतं. दोन वर्षांत माळावरची उरलेली घरंही उठली. तार्येई आणि आस्लाक पश्चिम किनाऱ्यावर पुतण्याकडे गेले. आमचं घर एड्विननंच मोडून आणलं. फळ्या चांगल्या होत्या, तो म्हणाला, आणि खरंच होत्या. त्यांची आम्ही वखारीमागे एक पडवी केली. खोक्यांचे खण मात्र त्यानं मला न विचारता चुलीत घातले. त्याचा दोष नाही, त्याला ती खोकीच वाटली.

उन्हाळ्यात दोन-तीनदा मी आईला गाडीतून उतारावर न्यायची. ती दगड नीट करायची, मी गाडीत बसून राहायची. डनमूरमध्ये तिचे दिवस बरे चालले होते. म्हणजे ती कुणाला त्रास देत नव्हती. माझ्या मुलीसाठी ती लोकरीचं विणायची. दिवसातून शंभरदा मला हाका मारायची, सुनिवा, मीठ कुठे आहे, सुनिवा, वारा पडला बघ. मला वाटू लागलं होतं की असंच निभेल.

एकोणचाळीसच्या डिसेंबरात आस्लाकचं पत्र आलं. तार्येई गेला होता. आम्ही दोघी नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या लाटत होतो, आई लाटत होती आणि मी भाजत होते, तेव्हा मी ते वाचून दाखवलं. भाऊ शांतपणे गेला, असं त्यानं लिहिलं होतं. फक्त शेवटच्या आठवड्यात त्याला पोस्टाची फार आठवण येत होती. ज्यानं आपली पत्रं मोजली त्यानं चोरी केली, आणि तो चोर कुठेतरी सुखात असेल, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पोळी करपली. मी ती काढून बाजूला ठेवली.

"आई, चोरी कुणी केली नाही," मी म्हटलं. "आपसातली पत्रं धरणार नाहीत, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. बाहेरगावची तेवढीच धरणार होते. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

तिचं लाटणं थांबलं नाही. पोळी पातळ होत होती, खालचं लाकूड दिसू लागलं तरी ती लाटत होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि का बोलली नाहीस?"

एड्विनचं नाव घेता आलं असतं. ते निम्मं खरंही झालं असतं, आणि तिला ते समजलं असतं. पण माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"तू तिला पत्र लिहिलंस. मी ते वाचलं. मला तू कधी एक ओळ लिहिली नाहीस."

आईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याचा पत्ता लागत नाही तेव्हा ती पाकिटाकडे पाहायची, तसं.

"तू तर घरातच होतीस," ती म्हणाली. "तुला कशाला लिहू?"

मग तिनं फाटलेली पोळी गोळा केली आणि पुन्हा लाटायला घेतली. त्या दिवशी आम्ही चाळीस पोळ्या केल्या.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असं कुणी म्हणू नये. माझ्या हातचं जेवली, आजारपणात माझ्या कपाळावर हात ठेवून बसली, मला मुलगा झाला तेव्हा तीन दिवस झोपली नाही. फक्त मला नावानं हाक मारली नाही. अगं, म्हणायची. ऐक, म्हणायची. माझ्याबद्दल दुसऱ्याशी बोलताना, माझी मुलगी. पहिल्यांदा मला वाटलं की रागात आहे, जाईल. वर्ष गेलं, मग दुसरं. ती कुठे ठरवून गाळत होती असंही दिसत नव्हतं. शिक्का जसा परत गेला, तसं ते नावही तिनं माझ्याकडून परत घेऊन ठेवलं होतं, एवढंच. एड्विनला फळ्यांपलीकडचं सहसा दिसत नाही, पण एकदा त्यानंही विचारलं की आई तुला नावानं का हाक मारत नाही? मी म्हटलं, वय झालं, विसरते. तो म्हणाला, माझं तर बरोबर लक्षात असतं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्या दिवसापासून तोच मला उगीच जास्त वेळा हाक मारायला लागला. मी त्याला कधी थांबवलं नाही, पण ते आईच्या हाकेसारखं नव्हतं.

असं आठ वर्षं चाललं. सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात, कापणी उरकता उरकता, आई गेली. दोन दिवस बोलत होती, पाणी मागत होती, माझ्या मुलीचं नाव, एड्विनचं नाव, अगदी डुगाल्डच्या घोड्याचंही नाव तिनं घेतलं. मी उशाशीच होते.

तिला उतारावर नेऊन ठेवलं. रस्ता राहिलेला नव्हता, ट्रक गवतातून गेला. सगळं झाल्यावर नोंद करायला मी नगर कचेरीत गेले. तिथला कारकून सर्दीनं बेजार झालेला, पण चांगला माणूस होता. माझं नाव, नातं, आईचं नाव, वय, त्यानं सगळं हळूहळू, सुवाच्य लिहिलं.

"दफनाची जागा?"

"सुनिवा."

"ते तुमचं झालं, बाई. वर लिहिलंय. जागेचं सांगा."

"जागेचंही तेच आहे."

त्यानं खणातून छापील यादी काढली. बोट वरपासून खाली नेलं, मग पुन्हा एकदा वरपासून. माझ्यासाठी त्यानं रेल्वेचीही यादी पाहिली, तेवढं त्याला पडलेलं नव्हतं.

"असं ठिकाण नाही," तो म्हणाला. "जमिनीचा नंबर सांगितलात तरी चालेल."

मी तिथे भांडू शकले असते. हे ठिकाण होतं म्हणून सांगायचं, तीस वर्षं त्याचा शिक्का पाकिटांवर उठत होता म्हणून सांगायचं, माझ्या ट्रंकेत अशी निदान वीस पाकिटं आहेत ती आणून टेबलावर टाकायची. त्यानं लिहूनही घेतलं असतं, मला वाटतं. त्याच्या चेहऱ्यावर तसं दिसत होतं. मागे दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात गुरांचा कागद होता.

मी नंबर सांगितला. वडिलांच्या जमिनीचा ईशान्येकडचा चतकोर, मग गटाचा आकडा, मग ओळीचा, मग पट्ट्याचा. त्यानं तो लिहिला, नाक पुसलं, आणि चूक नको म्हणून मला एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

"बरोबर?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, बरोबर.